मोडीचा लोप व मुद्रणयंत्र

जुन्या दप्तरांशीं ज्यांचा संबंध येतो त्यांच्या तोंडून एक उद्गार वारंवार ऐकूं येतो, तो असा कीं, छापखान्यानें मोडी मारली. या उद्गारामागील विचारसरणी सोपी आहे. मोडी ही वाहती लिपी. तिचीं अक्षरें एकमेकांच्या अंगांतून निघतात. छापखान्याचे खिळे सुटे. ते एकाशेजारीं एक बसवावयाचे. तेव्हां वाहत्या अक्षराचें व सुट्या खिळ्याचें जमलें नाहीं, बाळबोधीचें जमलें, आणि मोडी आपोआप मागें पडली, असा हा तर्क आहे. तो इतका रूढ आहे कीं त्यास पुरावा मागण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. प्रस्तुत लेखांत हा तर्क पुराव्यास कितपत उतरतो एवढेंच पाहावयाचें आहे. प्रश्न वरवर लिपीचा दिसतो; पण मनुष्य आपल्या हातानें यंत्र घडवितो व पुढें त्या यंत्राच्या सोयीसाठीं आपलाच हात वळवितो, तेव्हां त्या वळण्याचा कर्ता कोण समजावयाचा, हा त्याच्या पोटांतील खरा प्रश्न होय.

१. प्रथम मोडीचें स्वरूप ध्यानांत घ्यावें. लेखक कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढतो आणि मग त्या रेघेस अक्षरें टांगीत जातो. बोरू होईल तों उचलावयाचा नाहीं, हा या लिपीचा मुख्य दंडक. काना, वेलांटी हीं व्यंजनाच्या अंगांतच मिसळत असल्यामुळें एकाच व्यंजनाचीं रूपें स्वरागणिक पालटतात. इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. शब्द तोडण्याची व विरामचिन्हें घालण्याची चाल नाहीं. लिहिणारा व वाचणारा एकाच व्यवहारांतले असल्यानें नुसत्या ‘छ’ या अक्षरावरून मुसलमानी तिथीचा चंद्र समजावयाचा, अशा संक्षेपांवर काम भागत असे. शिवकालीन वळण निराळें, पेशवाईंतील निराळें. पेशवाईंतही चिटणिशी, बिवलकरी, रानडी असे भेद. तालमींत तयार झालेला वाचक अक्षराच्या वळणावरून कागदाचा काळ सांगूं शकतो. पोथी बाळबोधींत व व्यवहार मोडींत, अशी कामाची वांटणी शतकानुशतकें चालत आली होती. छापखाना हिंदुस्थानांत आला त्या वेळीं लेखणीच्या राज्याची ही स्थिति होती.

२. हें यंत्र या देशांत प्रथम उतरलें तें गोव्यास, इ. स. १५५६ त. जेझुइट पाद्र्यांनीं तें आणविलें. महाराष्ट्रभाषेंतील एक थोर ग्रंथ या छापखान्यांतून बाहेर पडला; तो म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचें सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण. इ. स. १६१६ त साष्टींतील रायतूर येथें तें छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ त त्याच्या आवृत्त्या निघाल्या. भाषा मराठी, छंद ओवी, पण अक्षरें रोमन. असें कां झालें याचा उलगडा खुद्द स्टीफन्सनींच करून ठेविला आहे. इ. स. १६०८ त रोम येथील आपल्या वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रांत, या देशच्या भाषेंत व या देशच्याच लिपींत पुस्तकें छापावीं अशी आपली बहुत दिवसांची इच्छा असल्याचें ते कळवितात, आणि ती सफळ न होण्याचीं दोन कारणें देतात. एक असें कीं, युरोपांत चोवीस अक्षरांवर भागतें तेथें या लिपीस सुमारें सहाशें सांचे लागतात. दुसरें असें कीं, प्रांतांतील वरिष्ठांची आज्ञा व साह्य यांवांचून असें कार्य हातीं घेतां येत नाहीं.

या दोन कारणांकडे वाचकांनीं बारकाईनें पाहावें. पहिलें कारण यंत्राचें आहे, दुसरें माणसांचें. आणि पहिलें अनुल्लंघ्य नव्हतें हें त्याच काळच्या इतिहासावरून दिसतें, कारण इ. स. १५७८ तच कोल्लम येथें तमिळ लिपींत पुस्तक छापून निघालें होतें, व मलबारांतील या पुस्तकांचा दाखला स्टीफन्स यांनीं आपल्या पत्रांत दिलाही आहे. तेथें आज्ञा मिळाली म्हणून खिळे झाले. येथें ती मिळाली नाहीं म्हणून झाले नाहींत. तथापि पुढल्या पिढ्यांस सहाशें सांचे तेवढे लक्षांत राहिले.

ख्रिस्तपुराणाच्या या हकीकतींत संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. सतराव्या शतकांतील त्या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ टिकला तो हातानें उतरून घेतलेल्या प्रतींमुळें. मंगळूर येथें १९०७ त त्याचें पुनर्मुद्रण झालें तें अशा प्रतींच्या आधारानेंच. लंडन येथील मार्सडेन संग्रहांत तर त्याची देवनागरींतील हस्तलिखित प्रत आहे. म्हणजे यंत्रानें जी लिपी ग्रंथास दिली नाहीं ती कोणा अज्ञात लेखकाच्या हातानें दिली. छापलें म्हणजे अमर झालें, या समजुतीस याहून बोलका अपवाद नाहीं.

३. यानंतरचे दोन प्रयत्न एतद्देशीयांचे आहेत. सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांस देशी अक्षरांत ग्रंथ छापविण्याची हौस होती. त्यांच्या विनंतीवरून कंपनीनें विलायतेहून हेन्री हिल्स या नांवाचा मुद्रक धाडला, तो इ. स. १६७४ त, म्हणजे शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्याच सालीं, मुंबईस पोहोंचला. यंत्र आलें, मुद्रक आला. पण त्यास अक्षर कोरतां येईना, आणि मूळ हेतु बाजूस राहिला. दुसरा प्रयत्न पुण्याचा. नाना फडणिसांच्या कारकीर्दीच्या अखेरीस भगवद्गीतेचे ठसे तांब्यावर कोरविण्याचें काम सुरू झालें होतें. नाना इ. स. १८०० त वारले. पुढें तें काम मिरजेस गेलें आणि गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयानें तेथें इ. स. १८०५ त गीता छापली गेली. येथें सुटे खिळे नव्हते. सबंध पृष्ठच तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलें होतें. मुंबईच्या प्रयत्नांत यंत्र होतें पण कोरणारा हात नव्हता. मिरजेच्या प्रयत्नांत कोरणारा हात होता आणि यंत्र त्याच्या मागून आलें. दोहोंची तुलना केली असतां, अशा कामांत अडतें तें यंत्रापाशीं कीं कारागिरापाशीं, हें उघड होतें.

४. कारागीर व यंत्र यांची गांठ पडली ती बंगाल्यांत. चार्ल्स विल्किन्स यांनीं इ. स. १७७८ त हुगळीस बंगाली खिळे तयार केले. त्या कामीं त्यांचे साह्यकारी पंचानन कर्मकार हे होते. हेच पंचानन पुढें श्रीरामपूरच्या मिशनरी कारखान्यांत आले व त्यांचे जांवई मनोहर यांनीं तें काम पुढें चालविलें. या कारखान्यांतून विल्यम कॅरी यांचें मराठी व्याकरण इ. स. १८०५ त देवनागरी अक्षरांत निघालें. यानंतरची हकीकत आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें निर्णायक आहे. मराठे लोकांच्या नित्य व्यवहारांत मोडीच चालते हें कॅरी जाणून होते. म्हणून मोडीचे खिळे पाडण्यांत आले, आणि इ. स. १८१० त त्यांचा मराठी कोश मोडी अक्षरांत छापून प्रसिद्ध झाला. त्यामागून सिंहासनबत्तिशी १८१४ त, हितोपदेश १८१५ त, आणि राजा प्रतापादित्याचें चरित्र व रघूजी भोंसल्याची वंशावळी १८१६ त, अशीं मोडी पुस्तकें निघालीं. या भाषांतरांच्या कामीं वैजनाथशास्त्र्यांचें साह्य होतें.

हीं पुस्तकें ज्यांनीं हाताळलीं आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, त्यांतील मोडी बोरूच्या मोडीइतकी वाहती नाहीं. अक्षरें आंखडल्यासारखीं, शेजारच्या अक्षराचा हात धरण्यास कचरणारीं अशीं दिसतात. परंतु तीं वाचतां येतात. मराठी मुलखापासून शेंकडों कोस दूर, परभाषी कारागिरांच्या हातून जें काम १८१० त झालें, तें मुंबईंत होणें अशक्य होतें असें म्हणवत नाहीं. म्हणून सुट्या खिळ्यांशीं मोडीचें जमत नाहीं, हा जो मूळ तर्क, तो येथेंच लंगडा पडतो. त्यांचें जमलें होतें; तें पुढें चालविलें गेलें नाहीं.

५. मुंबईंत देशी छपाईचा जम बसला तो दोन मार्गांनीं. एक खिळ्यांचा, दुसरा दगडाचा. शिळाछापाची रीति अशी कीं, लेखकानें स्निग्ध शाईनें कागदावर लिहावें, तें लेखन दगडावर उतरावें व दगडावरून प्रती काढाव्या. येथें यंत्र लेखणीच्या जागीं बसत नाहीं. तें लेखणीच्या मागें चालतें. लेखकाचें वळण, त्याचा हात, त्याची चूकसुद्धां जशीच्या तशी छापली जाते. जुन्या शिळाछापी पोथ्या पाहाव्या: आडवीं सुटीं पानें, दोहों बाजूंस रेघांचे समास, शेवटीं समाप्तीचा मजकूर, सर्व कांहीं हस्तलिखिताप्रमाणें. नवखा संग्राहक तर पुष्कळदां तीं हस्तलिखितें म्हणूनच घेऊन येतो.

या धंद्यांतील मुख्य पुरुष गणपत कृष्णाजी. मिशनरी छापखान्याचें काम पाहून त्यांनीं स्वतःच्या खटपटीनें छापखाना घातला आणि इ. स. १८३१ त मराठी पंचांग छापून काढलें. गोविंद नारायण माडगांवकर यांनीं १८६३ च्या आपल्या ‘मुंबईचें वर्णन’ या ग्रंथांत त्यांच्या उद्योगाची हकीकत दिली आहे, आणि छापील कागदास शिवण्यास भिणारे सोवळे लोक त्या काळींही होते असें लिहून ठेविलें आहे. शाईंत चरबी असते हा त्यांचा मुख्य आक्षेप. त्याच्या निरसनार्थ चरबीऐवजीं तूप घालून शाई करण्यांत आली. ही गोष्ट हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. लोकांनीं यंत्रास एक अट घातली आणि यंत्रानें ती पाळली, असा याचा अर्थ होतो. पोथीचा आकार, तिचें सोवळें, तिचे समास या सर्व बाबतींत यंत्रास वांकविणारे लोक मोडीच्या बाबतींत मात्र कांहीं बोलले नाहींत.

खिळ्यांच्या मार्गावरील थोर नांव जावजी दादाजी यांचें. १८३९ त जन्मलेले जावजी लहानपणीं अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत दरमहा दोन रुपयांवर खिळे घांसण्याच्या कामास लागले. १८६४ त त्यांनीं खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला व १८६९ त निर्णयसागर छापखाना स्थापिला. त्यांचे सोबती राणोजी रावजी आरू यांच्या हातची कोरणी इतकी सुबक कीं निर्णयसागरी बाळबोध अक्षर सर्व हिंदुस्थानांत नमुन्यादाखल मानलें गेलें. जावजींचें बहुतेक काम संस्कृत ग्रंथांचें, तेव्हां त्यांनीं बाळबोधीवर परिश्रम करावे हें साहजिक होतें. परंतु आरूंच्या तोडीचा एकही हात मोडीच्या वांट्यास आला नाहीं, हेंही तितकेंच खरें. १८३१ त मोल्सवर्थचा कोश बाळबोधींत निघाला. १८३२ त सुरू झालेलें बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ही बाळबोधींत. जुन्या वांटणींत जें जें पोथीचें तें बाळबोधीचें होतें. छापील पुस्तक व वर्तमानपत्र हीं पोथीच्या घरांत दाखल झालीं म्हणून बाळबोधीकडे गेलीं. मोडीकडे दप्तर राहिलें, आणि दप्तर तर छापावयाचें नव्हतें. शाळांतून मोडी शिकवीत, त्याकरितां मोडी वाचनाचीं पुस्तकें शिळाछापावर निघत; म्हणजे छापण्याची अडचण त्याही काळीं नव्हतीच.

६. मग मोडी गेली कशी? इ. स. १९१७ त मुंबई सरकारनें कारभाराकरितां मोडीच्या जागीं बाळबोधी मुख्य धरण्याचें ठरविलें. त्यांतील दृष्टि सोयीची व इलाख्यांतील इतर भागांशीं एकसारखेपणाची होती. मोडीची उरलेली एकमेव मिराशी म्हणजे दप्तर. ती एका ठरावानें गेली. शाळांतून तिचें शिक्षण त्यापुढेंही कांहीं दशकें चाललें, व १९५० नंतर तेंही बंद पडलें. येथें खिळा कोठेंच आडवा आलेला नाहीं. ठराव करणारीं माणसें होतीं, तो मान्य करणारींही माणसेंच.

या दोषांतून आम्ही इतिहासाचे अभ्यासकही सुटत नाहीं. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड १८९८ त काढला; सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग १९३० पासून १९३४ पर्यंत प्रसिद्ध केले. या थोर उद्योगांचें ऋण फिटण्याजोगें नाहीं. तथापि हे सर्व मोडी कागद बाळबोधींत उतरून छापले गेले. ऱ्हस्वदीर्घ संपादकानें घातले, शब्द संपादकानें तोडले, दुर्वाच्य ठिकाणीं संपादकाच्या तर्कानें काम चालविलें. वाचकास छापील पान मिळालें आणि रुमालांतील मूळ कागद उलगडण्याची गरज भासेनाशी झाली. पिढी दर पिढी छापील साधनांवर लिहिणारे वाढले, मूळ वाचणारे घटले. छापखान्यानें आमच्यावर ही सक्ति केली नव्हती. आम्हीं सोय पत्करली.

७. यंत्रापुढें लिपीनें वांकलेंच पाहिजे असें नाहीं, याचा दाखला खुद्द बाळबोधीच्या इतिहासांत आहे. खिळ्यांची संख्या घटविण्यासाठीं या लिपींत फेरफार करण्याचे अनेक प्रयत्न झाले. लोकमान्य टिळकांनीं केसरीकरितां या प्रश्नांत लक्ष घातलें होतें. सावरकरांनीं स्वरांचीं स्वतंत्र चिन्हें काढून तीं सर्व ‘अ’ च्या बाराखडींत बसविण्याचा पुरस्कार केला. १९५३ त लखनौ येथें भरलेल्या लिपिपरिषदेनें तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे आणण्याचें ठरविलें. तें लोकांच्या डोळ्यांस रुचलें नाहीं, आणि १९५७ त तो फेरफार मागें घेण्यांत आला. यंत्राची सोय व लोकांची नापसंती यांचा उघड सामना झाला, आणि त्यांत लोकांची सरशी झाली. एका वेलांटीसाठीं जी आस्था दिसली ती एका सबंध लिपीसाठीं दिसली असती, तर काय झालें असतें, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

पुढें धातूचे खिळेच नाहींसे झाले. संगणक आला, आणि अक्षरांची संख्या ही अडचण उरली नाहीं. संगणकावरील जगाच्या लिप्यांची जी युनिकोड नांवाची व्यवस्था, तींत २०१४ सालीं मोडीस जागा मिळाली. स्टीफन्सनीं ज्या सहाशें सांच्यांचा धसका घेतला तसे हजारों आज एका टाचणीच्या टोकाएवढ्या जागेंत मावतात. यंत्र मोडी लिहावयास तयार आहे. आतां वाण आहे ती वाचणाऱ्यांची. इतकेंच नव्हे तर, मोडी कागदाची प्रतिमा पाहून यंत्रानेंच तिचें बाळबोध वाचन करावें, असेही प्रयत्न चालू आहेत. रुमालांतील कागदांची संख्या पाहतां असें साह्य कोणीही आनंदानें घ्यावें. पण हें यंत्र वाचावयास शिकतें तें जाणत्या माणसानें आधीं करून ठेविलेल्या वाचनावरून. शिकविणारा चुकला तर यंत्र चुकेल, आणि शिकविणाराच उरला नाहीं तर यंत्राची चूक पकडणारा कोणी राहणार नाहीं.

याकरितां एक सूचना करून हा लेख आटोपतों. हस्तलिखितांच्या शेवटीं नकलकार आपलें नांव, स्थळ, शक व तिथि लिहीत असे. आणि जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष मला देऊं नये, अशी विनंतीही करीत असे. त्याची विनंती मान्य करावीशी वाटते, कारण त्यानें नांव दिलेलें असतें. दोष कोणाकडे न्यावयाचा हें आपणांस ठाऊक असतें. यंत्रानें केलेल्या वाचनाच्या शेवटीं अशी समाप्ति नसते. ती आपण घालावी. ज्या कागदाचें वाचन यंत्राकडून करविलें त्याचा रुमाल, मूळ कागदाची प्रतिमा, आणि तें वाचन मुळाशीं ताडून पाहणाऱ्या माणसाचें नांव, या तीन गोष्टींवांचून असें एकही वाचन प्रसिद्ध होऊं नये. आणि ज्यांच्या संग्रहीं मोडी कागद आहेत त्यांनीं वर्षांतून निदान एका तरुणास आपल्या शेजारीं बसवून त्यांतील चार बंद वाचावयास शिकवावे. छापखान्यानें मोडी मारली असें म्हणण्याची संवय आपणांस शंभर वर्षें पुरली. यंत्रानें कागद चुकीचे वाचले, असें म्हणण्याची पाळी पुढील पिढीवर येऊं नये.